बडग्याच्या गळ्यातली पाटी

आमच्या मोहल्ल्याच्या बडग्याच्या गळ्यातली पाटी दरवर्षी मी रंगवतो. माझं अक्षर चांगलं आहे, एवढंच कारण. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, म्हणजे गावची रोगराई-पीडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मिरवणूक निघते, तिच्यासोबत वस्त्यावस्त्यांचे बडगे असतात, कागद-बांबूचे पुतळे. त्या वर्षी ज्याचा लोकांना राग आला असेल त्याचा बडग्या करायचा, त्याला चपलांचा हार घालायचा, शिव्या देत फिरवायचं आणि शेवटी जाळायचं.

त्या वर्षी आमच्या लोकांनी परदेशातला एक राजपुत्र निवडला. त्याच्या महालात कामाला असलेल्या एका बाईनं त्याच्यावर आरोप केला होता, आणि हा गृहस्थ आपण होऊन टीव्हीवर मुलाखतीला बसला. त्या संध्याकाळी मी महालात नव्हतोच, म्हणाला. तबेल्यात होतो, घोड्याचं पोट दुखत होतं. घोड्याचं नाव, पाजलेलं औषध, बादलीचा रंग, सगळं त्याला आठवत होतं. ती बाई तेवढी आठवत नव्हती. खाली हिंदी अक्षरं टाकलेला तो तुकडा दोन दिवसांत आमच्या सगळ्यांच्या फोनवर आला.

सकाळी तर्री-पोह्याच्या गाडीवर दुसरा विषय नव्हता.

“काहून गा, एवढा मोठा राजा, अन् याच्याजवळ एक ढंगाचा वकील नाही?” बडग्याचा सांगाडा बांधणारा आमचा शेजारी म्हणाला.

“होता ना वकील,” पोहेवाला म्हणाला. “तो घोड्याले पाहून राहिला होता.”

सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. वर म्हणालो, “खोटं बोलणाऱ्यानं थोडक्यात बोलावं. बादलीचा रंग सांगितला की माणूस फसला.” लोकांना ते फार आवडलं. हे मला कसं ठाऊक, ते कोणी विचारलं नाही.

पाटी मी अंगणात रंगवायला घेतली. ‘मी तिथं नव्हतो. घोडा आजारी होता.’ लाल रंगात, टपोरं. बायको चहा घेऊन आली, उभ्या उभ्या वाचलं तिनं.

“अन् टाकी?” ती म्हणाली. “टाकी भरून वाहत होती, ते नाही लिहिलं?”

कप ठेवून ती आत गेली. मी ब्रश हातात घेऊन बसून राहिलो.

अकरा वर्षांपूर्वी मी एका शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात कारकून होतो. कामठीहून एक मुलगी शेअर ऑटोनं टायपिंगच्या कामाला यायची. तिचं टेबल माझ्या टेबलाला लागून. आमचे अधीक्षक कागद पाहायच्या निमित्तानं तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहत. एका दुपारी त्यांनी तिला खांद्यांना धरून खुर्चीत दाबलं आणि हात खाली नेला. ती धडपडून उठली, टेबलावरचा कप फुटला. मी तीन हातांवर होतो. मी मान खाली घालून आवक रजिस्टर लिहीत राहिलो. अधीक्षक निघून गेल्यावर कपाचे तुकडे तेवढे उचलले.

तिनं तक्रार केली. चौकशी बसली, तेव्हा साक्षीदार म्हणून तिनं माझं नाव दिलं. मी सांगितलं, मी त्या वेळी गच्चीवर होतो. टाकी भरून वाहत होती, चपराशी रजेवर होता, व्हॉल्व्ह गच्च बसला होता, माझी पँट गुडघ्यापर्यंत भिजली. एवढं मला कोणीही विचारलं नव्हतं.

ती समोर बसली होती. म्हणाली, “काका, तुम्ही तं तिथंच होते ना जी. कपाचे तुकडे तुम्हीच उचलले.”

मी म्हणालो, “मला आठवत नाही.”

माझी बढती अधीक्षकांच्या सहीवर अडली होती. ती मिळाली. तक्रारीला पुरावा नाही असं ठरलं आणि त्याच आठवड्यात मुलीनं नोकरी सोडली. आणखी एक गोष्ट लिहायची राहते. त्या संध्याकाळी मी बायकोला सगळं सांगितलं, तेव्हा दुःखानं सांगितलं नव्हतं. कसं निभावून नेलं, अशा सुरात सांगितलं होतं. ती तेव्हा काही बोलली नाही. अकरा वर्षं बोलली नाही.

मिरवणुकीत आमचा बडग्या गाजला. मुकुट घातलेला राजपुत्र, आणि घोडा मिळाला नाही म्हणून शेजाऱ्यांच्या पोराचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदीच त्याच्या पायाशी बांधलेला. रस्त्याच्या कडेच्या बाया माझी पाटी मोठ्यानं वाचत आणि हसत. एकीनं चप्पल काढून त्याच्या तोंडावर मारली. “रोगराई, खोटारडेपणा घेऊन जा गे मारबत,” असं सगळे ओरडत होते.

शेजारी माझ्याकडे वळला. “भाऊ, तुमचा आवाज नाही निघून राहिला.”

“घसा बसला,” मी म्हणालो. घसा धडधाकट होता.

शेवटी बडग्या पेटवला, तेव्हा गळ्यातली पाटीच आधी जळली. लोक टाळ्या वाजवत होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

त्या मुलीचं कामठीत टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, हे मला कधीचंच ठाऊक होतं. त्या रस्त्यानं जाणं मी टाळत असे. पुढच्या रविवारी गेलो. तिनं मला लगेच ओळखलं. केस थोडे पिकले होते तिचे.

“या काका. काय काढायचं आहे?”

“मी तिथं होतो,” मी म्हणालो. ऑटोत जुळवलेलं बाकी सगळं विसरलो.

तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग स्टूल सरकवलं, कॉम्प्युटर सुरू केला. “सांगा. मी टाइप करते.”

मी बढतीपासून सुरुवात केली. तिनं हात थांबवला. “ते नोको. काय पाहिलं, तेवढं सांगा.”

सगळं मिळून नऊ ओळी झाल्या. तिनं दोन प्रती काढल्या, मी दोन्हींवर सही केली. अधीक्षक मागच्याच वर्षी वारले होते. मी विचारलं, आता या कागदाचं ती काय करणार.

“आईले दाखवीन,” ती म्हणाली. “तिनं तेव्हा विचारलं होतं, तुझाच काही गैरसमज तं नाही झाला ना, म्हणून. मंग मी पुन्हा कधी तिच्याजवळ बोललीच नाही त्याबद्दल.”

माफीचे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तिनं एक प्रत माझ्यापुढे सरकवली. “हे तुम्ही ठेवा. पुन्हा आठवलं नाही तं कामी येईल.”

माझ्या मागे एक बाई आधार कार्ड घेऊन उभी होती. मी बाजूला झालो.