फडक्याची नाडी

वर्ध्याच्या बाजारात माझं घड्याळांचं दुकान आहे. वडिलांनी सुरू केलं, मी चालवतो. हातात मोबाइल आल्यापासून घड्याळ घेणारे कमी झाले. आता लोक येतात ते सेल बदलायला नाहीतर पट्टा बसवायला. म्हणून या नव्या स्मार्टवॉचबद्दल मी काही वाईट बोललो की ऐकणाऱ्याला वाटतं, ह्याचा धंदा बसला म्हणून हा जळतो. माझ्या सख्ख्या बहिणीलाही तसंच वाटलं होतं.

गेल्या हिवाळ्यात नागपूरहून एक विक्रेता आला. कडक इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. त्याने काउंटरवर काळी चौकोनी घड्याळं मांडली आणि सुरू झाला.

“काकाजी, टाइम पाहाले आता कोन घड्याळ घेते? टाइम त मोबाइलमंदी दिसते. लोकाइले तब्येत पाहिजे. नाडी, बीपी, ऑक्सिजन, झोप, सगळं सांगते हे. पुढं गावागावात हेच चालनार हाये. आता नाई ठेवलं त तुमी मागं राहून जासान.”

“बीपी कसं मोजते?” मी विचारलं. “हाताले पट्टा त फुगत नाई.”

“सेन्सर हाये ना काकाजी.”

“सेन्सर म्हंजे काय?”

“हा हिरवा लाइट,” तो म्हणाला.

एवढ्यावर माझं समाधान होणार नव्हतं. पण तो दोन घड्याळं नमुन्याला ठेवून गेला. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी एक मनगटावर चढवलं. नाडी दाखवली, बीपी दाखवलं. दोन्ही अगदी आदर्श. माझ्या वयाच्या माणसाचं सगळंच इतकं छान कसं, अशी शंका आली. घड्याळ काढून काचा पुसायच्या फडक्यावर ठेवलं, तर हिरवा दिवा लुकलुकतच राहिला. मी फडक्याची घट्ट गुंडाळी केली, तिच्यावर पट्टा आवळला आणि बटण दाबलं. थोडा वेळ विचार केल्यासारखं करून घड्याळाने फडक्याची नाडी सांगितली. मग बीपी सांगितलं. फडक्याची तब्येत ठणठणीत होती.

मी लगेच विक्रेत्याला फोन लावला. त्याला जराही धक्का बसला नाही. “काकाजी,” तो म्हणाला, “फडक्याले कोन घालते घड्याळ?”

त्याच आठवड्यात समुद्रपूरहून माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. तिला बीपीचा जुना त्रास. आवाजात आनंद मावत नव्हता. पुण्याच्या लेकीने तिला तसलंच घड्याळ पाठवलं होतं.

“अरे, मी गोळी बंद केली,” ती म्हणाली. “घड्याळ रोज नॉर्मल सांगून राह्यलं. उगाच काऊन खायची?”

मी तिला फडक्याची गोष्ट सांगितली. ती चिडली.

“तुह्या दुकानात खपत नाई म्हनून तुले सगळं खोटंच दिसते,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

ते बोलणं मला लागलं, कारण ते पुरतं खोटं नव्हतं. ते घड्याळ खोटं निघावं, असं मला पहिल्यापासून वाटत होतंच. आपण संशय घेतोय की सूड, हे माझं मलाच नीट सांगता येईना. पण तिची गोळी बंद होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान न उघडता मी समुद्रपूरची एसटी पकडली.

बहीण स्वयंपाकघरात होती. तिने पाणी दिलं आणि पुन्हा भाजी चिरायला बसली. मी तिच्याकडे घड्याळ मागितलं. टोपलीत भरताचं लांब वांगं पडलं होतं. मी घड्याळ त्या वांग्याला बांधलं आणि तिच्यापुढे ठेवलं.

“हे काय करून राह्यला?” ती वैतागली.

“पाह्य त खरं.”

वांग्याची नाडी आली. मग बीपी आलं. तिने पदराने घड्याळाची काच पुसून पुन्हा बटण दाबलं. पुन्हा आलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिने घड्याळ वांग्यावरून सोडून बाजूला ठेवलं.

“म्हंजे इतके दिवस हे मले वांग्याचं बीपी सांगून राह्यलं होतं?”

आम्ही ऑटो करून दवाखान्यात गेलो. नर्सने दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला आणि डॉक्टरांना बोलावून आणलं. बहिणीला तिथेच झोपवून ठेवलं. डोकं दुखतं का, छातीत काही होतं का, असं डॉक्टर विचारत होते आणि ती अपराध्यासारखी मान हलवत होती. संध्याकाळपर्यंत बीपी उतरलं. “गोळी मनानं बंद करायची नाही, मनगटावर काहीही दिसू दे,” असं डॉक्टरांनी बजावलं.

परतताना ती ऑटोत म्हणाली, “पोरीले सांगजो नको. हौसेनं पाठवलं तिनं.”

“मंग घालशीन अजून?”

“घालीन. पन त्याले तब्येत नाई विचारनार.”

मी नमुने परत केले. विक्रेत्याने ते हसत सॅकमध्ये टाकले. त्याचा माल दुसरीकडे धडाक्याने खपत होता, आणि एवढ्या बाबतीत त्याचं खरं ठरलं. आता भाजीवाल्यापासून कॉलेजच्या पोरींपर्यंत सगळ्यांच्या हातावर ते काळे चौकोन दिसतात. मीही शेवटी बीपीचा दावा न करणारी थोडी घड्याळं ठेवली. येणाऱ्याला आधीच सांगतो की आकड्यांवर औषध ठरवू नका. काहीजण ऐकून घेतात, काही सरळ दुसऱ्या दुकानात जातात.

परवा जवळच्या बोरगाव मेघे गावातून एक बाई आल्या. वर्ध्यात कुठल्याशा कार्यालयात नोकरी करतात. मी माझं नेहमीचं बोलणं सुरू करताच त्यांनी थांबवलं.

“भाऊ, मले बीपी-गिपी नाई पाहिजे. मोबाइल पर्सच्या तळाशी राह्यते. भरल्या ऑटोत काढता येत नाई. शाळेतून पोराचा फोन आला त कळलं पाहिजे, बस.”

या घड्याळाचा इतका साधा उपयोग मला आजवर कोणी सांगितला नव्हता. मी घड्याळ ब्लूटूथने त्यांच्या मोबाइलला जोडलं आणि स्वतः फोन लावून पाहिला; त्यांच्या मनगटावर घड्याळ थरथरलं. मी खूश झालो. मग बाकीचं सेट करायला त्यांच्या मोबाइलवर घड्याळाचं अ‍ॅप सुरू केलं, तर ते एकेक परवानगी मागू लागलं. फोन कोणाचा हे दाखवायला फोनची माहिती लागणार, हे मला पटलं. पण बाई कुठे जातात, फोटो कोणते काढतात, हे घड्याळाला कशाला हवं?

“थांबा, हे वाचून घ्या,” मी म्हणालो.

पण बाहेर ऑटोवाला हॉर्न वाजवत होता. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता सगळ्याला ‘हो, हो’ दाबत गेल्या.