उंदरांची भूल आणि सखूताई

बोनकोड्याच्या सखूताई पाटील महाप्याच्या एका संशोधन संस्थेत एकोणीस वर्षं उंदरांची देखभाल करत होत्या. पिंजरे धुवायचे, भुसा बदलायचा, दाणापाणी बघायचं. कोणता उंदीर मलूल आहे ते त्यांना दारातूनच कळायचं.

त्या वर्षी केटामिन हे नेहमीचं भुलीचं औषध मिळेनासं झालं. संस्थेच्या पशुवैद्य डॉ. संघमित्रा कांबळे यांनी तीन वेगळ्या औषधांचं मिश्रण वापरायला घेतलं. सुरुवात झकास झाली. उंदीर दहा मिनिटांत गाढ झोपायचे आणि शेवटी उताऱ्याची सुई दिली की उठून मिशा साफ करत बसायचे. पण महिन्याभरात गाडं अडलं. तेवढ्याच मात्रेत काही उंदीर अर्धवट जागे राहायला लागले. बोटाला चिमटा काढला की पाय मागे घ्यायचे. शस्त्रक्रिया करायची कशी? मॅडमनी बाटल्या बदलल्या, वजनं पुन्हा केली. फरक पडेना, तेव्हा मात्रा वाढवायचं ठरलं.

हे ऐकून सखूताईंना चैन पडेना. जास्त औषधानं एखादा उठलाच नाही तर? एरवी त्या मॅडमच्या कामात बोलत नसत, पण त्या दिवशी बोलल्या.

"म्याडम, औषद बरोबर हाय. उंदरं घाबरलेली हायत. लिफ्ट बंद पडल्यापासून आपन त्यांना मागल्या उतारावरनं खडखडत ट्रॉलीवरून आनतो नि आल्या आल्या सुई टोचतो. मंग त्यांना नीज कशी येनार?"

घाबरलेल्या जनावराला हे औषध नीट चढत नाही, हे संघमित्रा मॅडमनी वाचलं होतं. ट्रॉलीकडे मात्र लक्षच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उंदीर तासभर आधी आणले, पिंजऱ्यांवर कापड टाकलं, दिवे मंद केले. सखूताई दाराशी स्टूल टाकून बसल्या. डोकावायला आलेल्या संचालकांनाही त्यांनी हातानंच परत पाठवलं. मग जुन्याच मात्रेची सुई दिली. दहाच्या दहा उंदीर झोपले, चिमट्याला एकानंही पाय हलवला नाही, आणि संध्याकाळी दहाही दाणे कुरतडत होते.

नव्या नियमावलीत "सुईआधी एक तास शांतता" असं कलम आलं, खाली सुचवणारीचं नाव. सखूताईंनी ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डब्यात तांदळाच्या चार भाकऱ्या जास्त होत्या, आणि त्यातल्या तीन संघमित्रा मॅडमनी सुकटीबरोबर संपवल्या.