डाव्या वळणाचा हॉर्न

साताऱ्यात गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करणारे आमचे चाचा, गाडी दारात येऊन थांबली की आधी तिच्याकडे पाठ करून बसत. मालकासमोर स्टूल ओढून विचारत, "शेवटचा हात कुणी लावला?" या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत बॉनेट उघडले जात नसे. घाईतली गिऱ्हाइके चिडत. चाचा शांतपणे म्हणत, "वायर आपल्या आपण जागा सोडत न्हाई. तिला कोनतरी हलवतं."

मी प्रथम गेलो तेव्हा माझ्याआधी महाबळेश्वरचा एक टॅक्सीवाला होता. ब्रेक दाबला की त्याचे वायपर फिरत.

"कुणीच न्हाई लावला हात, चाचा. आईच्यान!"

"घरात मेव्हणा हाय?"

टॅक्सीवाला गडबडला. "हाय. म्हंजे, त्यानं नुसतं निळं दिवं बसवल्यात."

"गड्या, तुमच्याकडं गाडीला दोनच रोग. पाऊस आनि मेव्हणा." दहा मिनिटांत वायपर थांबले, आणि टॅक्सीवाला चहासाठी रेंगाळला.

मी गाडी शिकलो वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. वर्गातही कधी आवाज न चढवलेल्या माझ्यासारख्याच्या गाडीचा हॉर्न डावीकडे वळताना आपोआप कोकलू लागला होता. ज्यांना मी साधी हाकही मारली नसती, अशा वडीलधाऱ्यांवर मी भर रस्त्यात खेकसत होतो. आठवडाभर शक्य तेवढी कामे केवळ उजवीकडे वळून उरकली. अखेर घरी जाहीर केले की आज दोष सापडला नाही, तर गाडी विकायची आणि पुन्हा स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हे मी चाचांनाही सांगितले.

"शेवटचा हात कुणी लावला, सर?"

"कोणीही नाही," मी म्हणालो.

वस्तुतः पिशवी अडकवण्यासाठी स्टिअरिंगखाली मीच एक हुक स्क्रूने बसवला होता. परंतु चारचौघांत ते कबूल करण्याचे धैर्य मला झाले नाही. चाचांनी तीनदा विचारले. मी तीनदा खोटे बोललो.

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले. "चला. बाजारातनं डावीकडं घ्या." हॉर्न कोकलला. भाजीवाल्या वळून पाहू लागल्या. मी घामाघूम, चाचा मात्र आपणच वाजवत असल्यासारखे खिडकीतून सर्वांना सलाम करीत होते. "वाजू द्या, सर. वायर बोलतीया तवर ठिकाण कळतंय. गप झाली तर कुठं हुडकू?" तिसऱ्या वळणावर स्टिअरिंगखाली डोकावताना त्यांचे डोके माझ्या गुडघ्यापाशी होते.

दुकानाशी परतल्यावर त्यांनी स्टिअरिंगखालचे आवरण काढले. माझ्या स्क्रूच्या टोकाने हॉर्नची वायर सोलली होती. स्टिअरिंग डावीकडे फिरले की उघडी तार त्याच टोकाला टेकत असे. चाचांनी स्क्रू काढला आणि माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. भोवती पाच माणसे वाकली होती.

"काय निघालं, चाचा?" टॅक्सीवाल्याने विचारले.

चाचांनी मूठ मिटली. "उंदीर."

टेप गुंडाळताना मात्र ते माझ्या कानाशी पुटपुटले, "आवं सर, हुकाला घरातल्या भिंती कमी पडल्या व्हय?"

गाडी विकली गेली नाही.

गेल्या वर्षी नजर मंदावली तसे चाचांनी दुकान बंद केले आणि सांगलीला लेकीकडे राहायला जायचे ठरवले. पोचवायला साताऱ्यातले निम्मे ड्रायव्हर तयार होते. त्यांनी निरोप मला धाडला, "तुमीच न्या, सर." कराड ओलांडल्यावर मी शेजारी पाहिले, तर चाचा गाढ झोपले होते. माझ्या गाडीत आजवर कोणाचाही डोळा लागलेला नाही. पत्नी तर दोन्ही हातांनी दारावरची मूठ धरून बसते. सांगली आली, लेकीचे घर आले, तरी त्यांना उठवणे माझ्या जिवावर आले. मी गाडी थांबवली नाही. शहराला आणखी एक फेरा घातला.