पालीच्या बोटींचं पान

भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमधल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं होस्टिंगचं ऑफिस आहे. होस्टिंग म्हणजे काय, हे सासूबाईंना मी अजून समजावू शकलेले नाही. लोकांच्या वेबसाइट आमच्या सर्व्हरवर राहतात आणि त्या कधीही उघडाव्यात म्हणून आम्ही राबतो, इतकं साधं आहे. "म्हणजे तू तिथे राखण करतेस," असं म्हणून त्या विषय संपवतात. माझं काम फोन घेण्याचं. साइट उघडली नाही की माणसं आधी माझ्यावर ओरडतात.

खरी राखण करतात आमच्या मॅडम. वीज, केबल, सर्व्हर रूममधली थंड हवा, सगळं त्यांच्याकडे. बाई महासंशयी. दर सोमवारी, आम्ही डबे उघडलेले असताना, कोणालाही न सांगता त्या मेन स्विच खाली ओढतात. दिवे जातात, बॅटऱ्या कोकलायला लागतात आणि खाली कंपाउंडमधला जनरेटर खोकत खोकत सुरू होतो. पहिल्या वेळी आमचे शेठ घाम पुसत धावत आले.

"अरे मॅडम, चालू लाइट कोण बंद करते? धंदा करायचा हाय की मस्ती?"

"शेठ, लाइट एक दिवस जाणारच," मॅडम म्हणाल्या. "मी इथे असताना गेलेली बरी, की घरी असताना?"

पुढच्या सोमवारी जनरेटर सुरूच झाला नाही, त्याची बॅटरी उतरली होती. तेव्हापासून शेठ सोमवारी बाहेरच जेवतात.

इंटरनेटचंही तेच. आमच्याकडे दोन कंपन्यांच्या लाइन होत्या, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. मॅडम नव्या आल्या तेव्हा भर उन्हात त्या केबलींच्या मागे मागे चालत गेल्या. कोपऱ्यावर बघतात तर दोन्ही केबली एकाच खांबावर, गळ्यात गळे घालून. खांब पडला की दोघी एकदम जाणार. मॅडमनी एक लाइन मागच्या रस्त्याने फिरवून घेतली आणि त्यासाठी मधल्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी अशा भांडल्या की शेवटी त्यानेच चहा मागवला. मला असं भांडता येत असतं तर मी आज कुठल्या कुठे असते.

आम्हा फोनवाल्यांना त्यांचा एकच नियम होता. "वरून प्रॉब्लेम आहे" हे वाक्य बंद. आपल्याकडे केबलवाला, गॅसवाला, बँकवाला, जो तो हेच सांगतो आणि वर म्हणजे नक्की कुठे, हे कोणी विचारत नाही. मॅडमना त्या वाक्याची चीड होती. मला मात्र ते फार सोयीचं वाटायचं.

इथल्याच किनाऱ्यावरच्या पाली गावातल्या मच्छीमारांचं एक पान आमच्या सर्व्हरवर आहे. दिसायला अगदीच साधं. बोट समुद्रातून परतली की धक्क्यावरचा माणूस तिच्या नावापुढे हिरवी खूण करतो. खोल समुद्रात मोबाइल लागत नाही, म्हणून घरचे ते पान बघत राहतात.

दिवाळीच्या जरा आधी एका दुपारी अचानक वारं सुटलं. बोटींना वायरलेसवरून परत फिरा असा निरोप गेला. इकडे आमची लाइट गेली, आणि समोरच्या रस्त्यावर गुलमोहर कोसळून एक केबल तुटली. मॅडम खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. बॅटऱ्यांनी भार घेतला, जनरेटर लागला, मागच्या रस्त्याची लाइन चालू झाली आणि पालीचं पान उघडंच राहिलं. मला त्यांचा इतका अभिमान वाटला की मी चक्क टाळी वाजवली. त्यांनी वर बघितलंही नाही.

हळूहळू खुणा येत गेल्या. सगळ्या बोटी हिरव्या झाल्या, एक सोडून. तेवढ्यात फोन वाजला.

"बाय, तुमचं ते पान बंद पडलंय काय? माजा नवरा हाय बोटीवर. आमची बोट दिसत न्हाय."

तिला "हो" ऐकायचं होतं. वरून प्रॉब्लेम आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलंच होतं. मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, पान चालू आहे. मी आत्ता तपासलंय. खूण नाही म्हणजे बोट अजून आलेली नाही. धक्क्यावर मी स्वतः फोन करते आणि तुम्हाला कळवते."

त्यांनी फोन ठेवला. मला मॅडमचा भयंकर राग आला. खोटं का होईना, घटकाभर त्या बाईला बरं वाटलं असतं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"आत्ता आपलं पान बिघडलंय म्हणून सांगायचं," मॅडम म्हणाल्या, "आणि मग खूण आली तर तिने ती खरी कशी मानायची?"

त्यांनी धक्क्यावर फोन लावला. दोन बोटी शोधायला निघाल्या होत्या. तेवढं त्यांनी त्या बाईला कळवलं आणि परत पानासमोर येऊन बसल्या. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मीही नाही.

अंधार पडता पडता खूण आली. मी घाईघाईने फोन लावला.

"ताई, बघितलंत का?"

"बघितलं." आवाज अगदी कोरडा होता. "बाय, तुमचं चालू हाय ना? नक्की?"

"चालू आहे, ताई. नक्की."

मग ती रडायला लागली.