आईच्या उंचीची मोगरी

माणसाची संस्कृती त्याच्या दारापुढच्या हिरवळीवरून कळते, असं माझे वडील म्हणत. आमच्या पिंपळवंडी गावात मात्र दारापुढे गवत वाढलं, की घरात कर्तं माणूस उरलं नाही असं समजतात.

वडील पुण्याच्या एका क्लबात माळी होते. तिथले साहेबलोक क्रोके खेळत, म्हणजे लांब दांड्याच्या मोगरीने लाकडी चेंडू ठोकून तारेच्या कमानींतून काढत. वडिलांनी जन्मभर त्या कमानी रोवल्या आणि उपटल्या. चेंडू एकदाही मारला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त होऊन गावी आले, तेव्हा त्यांची एकच इच्छा होती: स्वतःच्या लॉनवर आईबरोबर एक डाव.

मोगऱ्या निवडायला ते आम्हाला घेऊन पुण्यातल्या दुकानात गेले. मोगरी खेळणाऱ्याच्या उंचीप्रमाणे लागते. वडील एकेक आईच्या हातात देत आणि तिला वाकायला लावत. नऊवारीतली आई दुकानभर वाकत फिरली. "हिनं गोधड्या बऱ्या धुऊन निघतील," ती म्हणाली. वडील हसले नाहीत. सगळ्याच तिला लांब पडत होत्या. शेवटी एक घेतली आणि गावच्या सुताराकडून दांडा चार बोटं कापून आणला. गवत कापायचं जुनं, हाताने ढकलायचं यंत्रही घेतलं.

लॉन म्हणून त्यांनी हरळी लावली. जी उपटता उपटता गावाच्या कंबरा गेल्या, तिला हा माणूस पाणी घालतो, हे बघायला लोक येत. "काका, आमच्या रानातली पण न्या. उपटणावळ माफ," शेजारी म्हणे.

दिवाळीपर्यंत लॉन खेळण्याजोगं झालं. कमानी रोवायच्या त्याच आठवड्यात आई तापाने पडली. पुण्याच्या दवाखान्यातून तिला परत आणलं, ते गाडीत आडवं ठेवून, चादरीने तोंड झाकून.

तळेघरचे मामा आमच्याआधी पोचले होते. भातशेती करणारी माणसं. नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी कुदळी शोधल्या होत्या. अंगण उघडंबोडकं, सपाट होतं. बांधावर हरळीचा ढीग. कडेला शेजारी मान खाली घालून उभा.

"दाजी," मोठे मामा डोळे पुसत म्हणाले, "दारात लई हरळी माजली व्हती. बहिणीच्या दारी बरं दिसत न्हाई. मुळासकट काढली."



"बरं केलंत," वडील म्हणाले. "माणसांना बसायला जागा झाली."

त्यांनी पुन्हा हरळी लावली नाही. आईची मोगरी आम्ही टोमॅटोच्या मांडवाच्या खुंट्या ठोकायला वापरतो. दांडा आखूड असल्यामुळे सोयीची पडते.