टीव्हीने ताईला म्हातारं केलं

मित्रांनो, दुपारपासून सुन्न बसलो आहे.

लालबागला माझी थोरली बहीण राहते. वय बासष्ट. कॅसेट घालून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेममध्ये तिला अख्ख्या चाळीत कोणी हरवू शकत नसे. दिवाळीत भाच्याने तेच गेम एम्युलेटरवर, म्हणजे जुने गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घालून नव्या मोठ्या टीव्हीला जोडून दिले आणि ताई पहिल्याच खड्ड्यात पडू लागली. बटण वेळेवर दाबायची, उडी उशिरा.

"हात मंदावला रे माझा," म्हणत घाबरून तिने स्कूटर चालवणंच सोडलं. आज ती स्कूटर विकायची होती. आणि मी, अंधश्रद्धेविरुद्ध सभा गाजवणारा, तिला सांगत होतो, "ताई, वय मान्य करायला धैर्य लागतं!"

स्कूटर बघायला माझगावचे मेल्विन आले. टीव्ही दुरुस्त करतात. ताईचा खेळ बघून हसले.

"बाई, हात एकदम ओके हाय तुमचा. टीव्ही चित्र सुंदर करत बसतो, म्हणून लेट दाखवतो."

त्यांनी टीव्हीचा, चित्र सजवणं थांबवणारा गेम मोड चालू केला, एम्युलेटरमधली एक सेटिंग बदलली. ताईने बटण दाबलं. त्याच क्षणी उडी! सलग तीन खड्डे पार.

"म्हणजे स्कूटर गेली माझी," मेल्विन म्हणाले.

"गेलीच," ताई म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू सरक, टीव्ही दिसत नाहीये."

पुरावा मागा, असं जगाला ओरडून सांगणाऱ्या मला घरात एकदाही शंका आली नाही. यंत्राचा उशीर मी बहिणीच्या वयावर ढकलला.

तुमच्या घरात कोणाला असंच, न तपासता, म्हातारं ठरवलंय?