डबीतल्या गांधीलमाश्या

धामनोदच्या माझ्या पपईच्या बगीच्यात परदेशातून आलेली पांढरी कीड कापसासारखी चिकटली होती. फवारून फवारून मी थकलो, तेव्हा देवासहून एक संशोधक बाई आल्या. त्यांच्या डबीत तिळाहून बारीक गांधीलमाश्या होत्या. त्या किडीच्या अंगात अंडी घालून तिला मारतात म्हणे.

बाईंनी झाकणावर बोटं ठेवली, पण ते उघडलं नाही.

"ताई, ह्या दुसऱ्या कुठल्या जिवाला तर नाही मारणार?" मी विचारलं.

"तपासलंय सगळं," त्या मला भावासारखं समजावत म्हणाल्या. "पण भिया, फवारणी थांबवता येते. ह्यांना परत बोलावता येत नाही."

मग डोळे मिटून त्यांनी झाकण उघडलं.

काही महिन्यांत कीड ओसरली. बाई अजूनही येतात, पण पपईकडे बघतही नाहीत. बांधावरच्या पेरूची पानं उलटून, इथले मूळचे किडे गांधीलमाश्यांतून वाचलेत ना, ते बघतात. त्यांचं शेवटचं पान बघून होईपर्यंत मीही श्वास रोखून उभा असतो.